तीन निळे ठिपके

गेली एकतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी, आणि माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. समोरचा चुकला की मी दाबते. म्हणून सगळे मला ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे त्याचा राग येत नाही. एरवी राग माझ्या नाकावरच असतो, हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको.

त्याच गाडीतून मी आणि माझी वहिनी वाळवंटात गेलो. वहिनीला गाडी येत नाही. एकदा शिकवायला घेतली होती, पण तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं आणि चौथ्या दिवशी दादानं मध्ये पडून शिकवणीच बंद केली. तर आता मी स्टिअरिंगवर आणि ती माझ्या हक्काच्या सीटवर. पहिल्या दिवशी सरळसोट रिकाम्या रस्त्यावर तिनं आरामात पाय ताणले आणि गाडी जागच्या जागी थांबली. चहाचा थर्मास मागच्या सीटवरून उडून पुढे आला.

"अगं बाई, पाय आवर!"

"मला वाटलं, पाय टेकवायला दिलंय काहीतरी."

"टेकवायला! तुझं काय, मेलो असतो दोघी."

"मागे-पुढे चिटपाखरू नाही," वहिनी म्हणाली. "मेलो नसतो. फार तर चहा सांडला असता." आणि तिनं मांडीवरचा नकाशा पुन्हा नीट केला.

त्या नकाशासाठीच तर निघालो होतो. वहिनी चौतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत होती. ती नकाशे रेखाटायची, माझा दादा त्याच कचेरीत तपासनीस. तिनं काढायचं, त्यानं तपासायचं, मग छापखान्यात जायचं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, भिंगाशिवाय दिसणार नाही एवढ्या बारीक अक्षरात दोन नावं छापलेली असतात, रेखाटन अमुक आणि तपासणी तमुक. आमच्याकडच्या या नकाशावर तिचं आणि दादाचं आहे. दादाला जाऊन सव्वा वर्ष झालं.

महिन्यापूर्वी कचेरीतून वहिनीला एक पाकीट आलं. आत कुणा शिक्षिकेचं पत्र. ती आणि तिचे वडील वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात पायी फिरायला गेले होते. नकाशात एक झरा होता, बारमाही पाण्याचा, निळा ठिपका. त्याच्या भरवशावर त्यांनी बरोबर पाणी बेताचंच घेतलं. ठिपक्याच्या जागी पोचले तर दगड आणि वाळू. दोन तास शोधलं. वडिलांची शुद्ध हरपली. नशिबानं वनरक्षक त्या बाजूला फिरकले, नाहीतर पत्र लिहायला कुणी उरलं नसतं. वडील आता बरे आहेत, पण फिरायला जायचं नाव काढत नाहीत. पत्रात आरडाओरडा नव्हता, शिव्याशाप नव्हते. शेवटी एवढंच होतं: "तो झरा कुठे गेला, तेवढं मला कळवाल का?"

कचेरीनं वर आपली चिठ्ठी जोडली होती. नवी आवृत्ती छापायला जाणार आहे. झरा आटलेला दिसतो, सबब ठिपका काढत आहोत. मूळ रेखाटन आपलं असल्यानं काही म्हणणं असल्यास पंधरा तारखेच्या आत कळवावं.

"आटला असेल," मी म्हटलं. "वाळवंटच ते."

"असेल," वहिनी म्हणाली. "नाहीतर मी चुकीच्या जागी काढला असेल."

"काहीतरीच! तू चुकलीस तरी दादानं पकडलं असतं. दादानं तपासलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

वहिनीनं पत्र पुन्हा पाकिटात घातलं. चार दिवसांनी तिचा फोन आला, "तुझी गाडी आठ दिवस मोकळी आहे का गं?"

तिचं म्हणणं सरळ होतं. झरा आटला असेल तर ठिपका काढावा, विषय मिटला. पण ठिपकाच चुकला असेल तर पाणी अजून तिथेच कुठेतरी आहे आणि माणसं त्याच्या जवळून तहानलेली जातायत. शिवाय त्याच तावावर, शेजारशेजारच्या तीन उद्यानांत मिळून, तीन झरे आहेत. एक चुकला असेल तर बाकीच्या दोघांचं काय? हे घरी बसून कळणार नव्हतं. जाऊन बघायला हवं होतं.

मी मात्र दादासाठी निघाले होते. त्याच्या नावाखाली चूक निघता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात. हे मी वहिनीला सांगितलं नाही. तिला कळलं नसेल असंही नाही. आणि खरं सांगू, एक उत्सुकताही होती. अख्खा झरा जातो कुठे? किल्ली हरवते, चष्मा हरवतो. झरा?

पहिल्या उद्यानाच्या फाटकाशी एक वनरक्षक खुर्ची टाकून बसला होता. बुटाची नाडी तुटलेली, तिथे तार बांधलेली. मी विचारलं, "इथे झरा आहे म्हणे?"

"आहे की. पाटी लावलीय. नळसुद्धा बसवलाय."

मी वहिनीकडे बघितलं. बघ, म्हटलं होतं ना! पण वहिनी पाटीच्या वाटेनं गेलीच नाही. फोनवरचा बाण आणि नकाशावरचा ठिपका जुळवत ती भलत्याच दिशेला चालायला लागली. मी मागून. तांबड्या खडकांच्या भिंती, प्रत्येक भिंतीत आडवे थर. एक थर विटकरी, एक पिवळट, एक चक्क जांभळा. वहिनी मध्येच थांबून एका थरावर बोट फिरवायची. "मी हे सगळं तपकिरी रेघांनी काढलं," म्हणाली. "जन्मात बघितलं नव्हतं."

"म्हणजे? न बघताच नकाशे काढायचीस?"

"मोजणीदार बघून यायचे. आम्ही टेबलावर. तू तरी वाहतुकीच्या पुस्तकातला प्रत्येक घाट बघितलायस का?"

मी टोपी पुढे ओढून चालायला लागले.

ठिपक्याच्या जागी पोचलो. सपाट वाळू. एक सरडा आमच्याकडे बघून दोनदा मान हलवून गेला. पाण्याचा मागमूस नाही. मग पाटीच्या वाटेनं गेलो तर खडकाखाली खरोखर झरा, त्याला लोखंडी नळ, नळाखाली ओली माती. वहिनीनं फोन काढला, नकाशा काढला, पेन्सिलनं काहीतरी मांडलं.

"ठिपक्यापेक्षा अर्धा किलोमीटर वर, म्हणजे उत्तरेला. अर्धा किलोमीटर डावीकडे."

"मग फोनमधला नकाशा चुकला असेल."

"फोनमधला नकाशा काय आभाळातून पडतो? आमच्याच तावावरून उचललाय त्यांनी."

परतताना मी वनरक्षकाला जरा झापलंच. इतकी वर्षं नकाशात चुकीची जागा आहे आणि तुम्हाला पत्ता नाही? तो म्हणाला, "आम्ही कशाला नकाशा बघू, बाई? नकाशा पाहुण्यांसाठी असतो."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मोजणीदारानंच चुकीचं आणलं असणार. तुम्ही दोघं काय करणार त्याला?"

"एका ठिपक्यावरून काही ठरत नाही," वहिनी म्हणाली. "दुसरा बघू."

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली होती.

दुसऱ्या उद्यानात वाट अरुंद घळीतून जात होती. इतकी अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. वर आभाळाची निळी पट्टी. वहिनी साठीची, गुडघे कुरकुरणारे, पण काय तिचा उत्साह! प्रत्येक वळणावर "पुढे काय असेल गं?" म्हणायची. मी म्हणायची, "अजून एक वळण असेल." आणि ते असायचंच. एका ठिकाणी भिंतीला कान लावून उभी राहिली. मीही लावला. आत काही ऐकू आलं नाही, पण दगड चांगला गार लागला, म्हणून मी तशीच उभी राहिले. दोन बायका भिंतीला कान लावून. कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

घळीतून बाहेर पडलो, चढून वर गेलो आणि फोनवरचा बाण ठिपक्यावर बसला. आम्ही डोंगराच्या धारेवर उभ्या होतो. एकदम टाळक्यावर. दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये आम्ही.

वहिनी हसायलाच लागली. "डोंगराच्या डोक्यावर झरा! शाब्बास गं माझी!" इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसणं थांबवून तिनं फोन आणि नकाशा पुन्हा जुळवला.

"वर अर्धा, डावीकडे अर्धा," ती म्हणाली. "चल."

उतरून तिथे गेलो. कपारीत हात घालावा एवढी फट, आत अंधार, आणि अंधारात पाणी. पोहऱ्याएवढं. त्यात काळे किडे गोल गोल पोहत होते. एवढ्या ओसाड जागी हे आले कुठून, कुणी आणले, हे मला अजून कळलेलं नाही. मी वाकून बघत बसले. वळून बघितलं तर वहिनी वाळूत फतकल मारून बसलेली आणि काटकीनं चौकोन काढत होती. एक आत, एक बाहेर.

"नकाशाला दुहेरी चौकट असते," ती म्हणाली. "आतली रेघ, बाहेरची रेघ. मध्ये पाच मिलिमीटर. काळ्या रेघा एका पारदर्शक फिल्मवर काढायच्या, डोंगर तपकिरी फिल्मवर, पाणी निळ्या. सगळ्या एकावर एक बसवायच्या, कोपऱ्याला कोपरा. नदीचा नकाशा असला तर चूक लगेच दिसते, नदी डोंगर चढायला लागते. वाळवंटात पाणी म्हणजे तीन ठिपके. तीन ठिपक्यांसाठी अख्खी फिल्म कोण वाया घालवणार? कचेरीची पद्धतच होती, कोपऱ्यातला तुकडा कापायचा, त्यावर ठिपके द्यायचे आणि एकाच कोपऱ्याला जोडायचा. मी तुकड्यावरच्या बाहेरच्या रेघेचा वरचा डावा कोपरा नकाशाच्या आतल्या रेघेच्या कोपऱ्यावर बसवला. तिन्ही झरे पाच मिलिमीटर उजवीकडे आणि पाच मिलिमीटर खाली सरकले. या नकाशात पाच मिलिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर."

काटकी बाजूला ठेवली. "माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही."

मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मग त्याची लाज वाटली. आणि मग डोक्यात आलं ते तोंडातून बाहेर पडलंच, "पण दादानं कशी सोडली?"

"सुटली असेल नजरेतून."

"दादाच्या? घराला कुलूप लावून जिन्यातून तीनदा परत येणाऱ्या माणसाच्या? पाकिटावर तिकीट लावायच्या आधी दोनदा वजन करणाऱ्या? सुटली असेल म्हणे! तूच त्याला भलती फिल्म दाखवली असशील!"

वहिनी उठली, कपडे झटकले आणि चालायला लागली. त्या दिवशी घळीतून परत येताना कुणी कुठल्या वळणाबद्दल काही विचारलं नाही. मुक्कामाच्या खोलीत दोन पलंग, मध्ये एक टेबल, टेबलावर वाळूचा पातळ थर. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी दुसऱ्या भिंतीकडे. पुरती गाढव आहेस, मी स्वतःला म्हटलं. पण तोंडानं माफी मागायची म्हटली की माझी दातखीळ बसते.

तिसऱ्या उद्यानात ठिपक्यापर्यंत जायला नऊ किलोमीटर पायपीट. आम्ही चौकीवर नावं लिहिली, दहा लिटर पाणी घेतलं, पहाटे उजाडता उजाडता निघालो. पत्रातल्या बाप-लेकीची हीच वाट. सुरुवातीला सोपी, वाळूवर वाऱ्यानं काढलेल्या नागमोडी रेघा, काटेरी झुडपांखाली छोटी छोटी बिळं. वहिनी बिळं बघून कोण राहत असेल याचा अंदाज करायची, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं नाही. मग सावली संपली. मी म्हटलं, "थेट खऱ्या जागी जाऊ. वर आणि डावीकडे. आता माहीतच आहे."

"नाही. आधी ठिपक्यावर."

ठिपक्यावर गेलो. एक झुडूप, त्याची सावली माझ्या टोपीएवढी. दगड हाताला चटका देत होते. वहिनी तिथे उभी राहिली, टोपी काढून. मी म्हटलं, टोपी घाल, उन्हाचा झटका बसेल. तिनं घातली नाही. मग मीच तिच्या डोक्यावर बसवली. तिनं बसवू दिली.

वर आणि डावीकडे जायला मध्ये खडकाची एक भिंत आडवी होती. तिच्याआड काय आहे, हे ठिपक्यावरून काही केल्या दिसत नव्हतं. वळसा घालायला अर्धा तास लागला. आधी मधमाश्या दिसल्या. मी आपली मधमाश्यांमागे गेले, वाळू ओलसर झाली, आणि खडकाच्या पोटात, घरातल्या बाथरूमएवढ्या जागेत, स्वच्छ, गार, तळ दिसणारं पाणी. मी ओरडलेच. बूट काढायच्या आधी हात घातले, तोंड धुतलं, पुन्हा ओरडले.

वहिनीनं पाण्याला हात लावला नाही.

"सातशे मीटर," ती म्हणाली. "सातशे मीटरवर होतं गं. बाप पडला तेव्हा."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं पिशवीतून कागद काढला. कचेरीला लिहिलेलं उत्तर, हा झरा सापडेलच या भरवशावर रात्रीच लिहून ठेवलेलं दिसत होतं. अक्षर काय, मोती. झरा आटलेला नाही. तिन्ही ठिपके चुकले आहेत. निळी फिल्म बसवताना चूक माझ्याकडून झाली, जबाबदारी सर्वस्वी माझी. सुधारित जागा सोबत पाठवत आहे. खाली सही. दादाचं नाव कुठेही नव्हतं.

म्हणजे मी ज्यासाठी निघाले होते ते मला आयतं मिळालं होतं. कागद परत दिला असता, गप्प बसले असते, तर काम झालं असतं. पण मला गप्प बसता येत नाही.

"वहिनी, तपासणीला किती वेळ लागतो?"

"तीन ठिपक्यांना? वीस मिनिटं. प्रत्येक ठिपका वरच्या आणि डाव्या कडेपासून पट्टीनं मोजायचा आणि मोजणीदाराच्या वहीशी जुळवायचा."

"मग वीस मिनिटांत पाच मिलिमीटर दादाला दिसले नाहीत?"

तिनं वाळूत बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाली, "त्यानं पट्टी हातात घेतलीच नाही."

"म्हणजे?"

"माझ्या टेबलाशी आला. ताव उलटा पडला होता. त्यानं तो सुलटासुद्धा केला नाही. नुसता कोपरा वर केला, सही केली आणि म्हणाला, तुझं काम मी काय तपासायचं?"

"आणि तू?"

"मी लाजले," वहिनी म्हणाली. "सव्वीस वर्षांची होते. कचेरीत बाकी सगळ्यांच्या चुका शोधून शोधून रडवणारा माणूस, आणि माझ्यापुढे येऊन असं म्हणतो. मला वाटलं, याहून जास्त कुणी काय देणार मला! त्याच संध्याकाळी त्यानं विचारलं आणि मी हो म्हटलं. लग्न झाल्यावर कचेरीच्या नियमानं माझे ताव दुसऱ्याकडे जायला लागले. त्यानं न बघता केलेली एवढी एकच सही. चौतीस वर्षं मी ती जपून ठेवली. मनात गं. कधी उदास झाले की काढून बघायची."

तिला रडू फुटलं. "आणि ती काय होती बघ. एका म्हाताऱ्या माणसाला मारायला निघालेली."

मला आधी रागच आला. दादाचा. गेल्यापासून पहिल्यांदा. अरे, मी माझ्या सख्ख्या भाचीला शिकवतानासुद्धा ब्रेकवरचा पाय काढला नाही! जीव की प्राण ती माझी, म्हणून तर नाही काढला! दोन ब्रेक कशासाठी असतात? आणि तो राग आल्यावर मला इतकं रडू आलं, की मीच वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काल बोलले त्याची माफीही तिथेच मागितली, नाक ओढत. ती म्हणाली, "पुरे, पाणी वाया घालवू नकोस, वाळवंट आहे." मग दोघी हसलो.

"त्याचं नाव नको घालायला," ती म्हणाली. "तो उत्तर द्यायला नाही."

"मी आहे की," मी म्हटलं. "त्या बाईनं विचारलंय झरा कुठे गेला. अर्धंच कशाला सांगायचं? लिही, तपासणी झाली नव्हती. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि माझं अक्षर कसं आहे तुला माहीत आहे."

तिनं माझ्या हातातून कागद घेतला. मग पेन काढलं आणि सहीच्या वर एक ओळ वाढवली. नंतर वाकून ओंजळभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या टेबलावरची वाळू आम्ही पुसून काढली. पंधरा तारीख तीन दिवसांवर होती आणि त्या गावातून टपाल दुपारी निघायचं. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडत होतं. वहिनीनं घरून आणलेली, निळे ठिपके न दिलेली नकाशाची प्रत पसरली, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. वहिनीनं तिन्ही झऱ्यांचे फोनवरचे आकडे आणि हिशेब करून काढलेली मापं वहीत उतरवली, पट्टीनं मापं घेत एकेक ठिपका दिला, निळ्या शाईनं. तिचा हात अजून कापत नाही. बघत राहावं असं काम. खाली नाव लिहिलं, रेखाटन अमुक. पुढे तपासणीची जागा कोरी होती.

"कचेरीतले काय तपासणार, त्यांनी ही जागा बघितलेली नाही," वहिनी म्हणाली. "तू बघितलीयस. कर सही." आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं. तिचा चेहरा किती मोकळा दिसत होता! आठ दिवसांत पहिल्यांदा. सही करून टाकावी, असं मला मनापासून वाटलं. काल एवढी रडलेली बाई, सकाळभर वाकून काम केलेलं, आणि मी कोण, गाडी शिकवणारी. हात कागदापर्यंत गेलासुद्धा. दादाचं काय झालं असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

"पट्टी दे," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. लगेच सावरला, पण उतरला. तिनं पट्टी दिली, भिंग दिलं, वही उघडून ठेवली आणि पलंगावर जाऊन बसली.

मला सवय नाही, त्यामुळे वीस मिनिटांची चाळीस झाली. पहिला ठिपका वरून मोजला, डावीकडून मोजला, बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा वरून मोजला. डावीकडून मोजला. पुन्हा मोजला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजला.

"वहिनी, तिसरा चुकलाय. डावीकडून दोन मिलिमीटर."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. ती उठली, आली, भिंग घेतलं, वाकली. वहीतल्या स्वतःच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सहाचा आठ वाचला मी," ती म्हणाली. "दोनशे मीटर."

"हो."

"त्याच झऱ्याला."

"हो."

ती खुर्चीत बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. समजूत घातली नाही, कारण घालण्यासारखं काही नव्हतं. रडून झाल्यावर तिनं पदरानं नाही, माझ्या बाहीनं डोळे पुसले, ब्लेडच्या टोकानं ठिपका खरवडला, फुंकर मारली, मापं घेतली आणि नवा ठिपका दिला. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो.

मी पेन उचललं.

वहिनीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पट्टी माझ्यापुढे सरकवली. "तिन्ही मोज," ती म्हणाली. "पहिल्यापासून."